खरी उत्तरं, अपुरी साक्ष

'केदाह मर्चंट' हे जहाज कुणाचं होतं? या प्रश्नाचं उत्तर मी व्याख्यानात दिलं, पुढे एका दिवाळी अंकातही लिहिलं, आणि दोन्हीकडे चुकले. आधी ते औरंगजेब बादशहाचं असल्याचं सांगितलं. नंतर ते फ्रेंच पासवर चालणारं, म्हणून कायदेशीर लूट होतं, असं लिहिलं. या चुका नुसत्या माहितीच्या असत्या तर दोन ओळींचं शुद्धिपत्र पुरलं असतं. पण माझी चूक साक्ष वाचण्यातली होती, आणि तशीच चूक मी त्याआधी कोर्टात, शपथेवर, स्वतः साक्ष देताना केली होती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

प्रसंग असा. ३० जानेवारी १६९८ रोजी मलबार किनाऱ्यावर कोचीनच्या बाजूला विल्यम किड या स्कॉटिश कप्तानाने 'केदाह मर्चंट' हे मोठं व्यापारी जहाज पकडलं. बंगालमध्ये माल भरून ते सुरतेला परत निघालं होतं. पोटात रेशीम, मलमल, सुती कापड, साखर, अफू, लोखंड आणि सोरा होता. किडकडे इंग्लंडच्या राजाचे परवाने होते : चाच्यांना धरायचं आणि शत्रू म्हणून फ्रेंच जहाजं ताब्यात घ्यायची. त्याने आपल्या 'ॲडव्हेंचर गॅली'वर मुद्दाम फ्रेंच निशाण चढवलं. ते पाहून समोरच्या जहाजावरून एक म्हातारा फ्रेंच गोलंदाज कप्तान असल्याची बतावणी करत आला आणि त्याने फ्रेंच पास पुढे केला. पास हाती येताच किडने जहाज जप्त केलं. जहाजाचा खरा कप्तान जॉन राइट हा इंग्रज होता.

ही गोष्ट आपल्या मुलखापासून लांबची नाही. आदल्या वर्षी सप्टेंबरात किड लाकूड-पाण्यासाठी कारवारला थांबला होता. वाटेत लुटलेल्या एका छोट्या जहाजाचा इंग्रज कप्तान पार्कर आणि एक पोर्तुगीज माणूस त्याच्या कैदेत होते. ईस्ट इंडिया कंपनीची माणसं चौकशीला आली तेव्हा त्याने दोघांना जहाजाच्या तळाशी दडवून ठेवलं, असं पुढे साक्षीत निघालं. कारवार सोडल्यावर दोन पोर्तुगीज लढाऊ जहाजांशी त्याची चकमक झाली. औरंगजेबाची छावणी त्या काळात भीमेकाठी, मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला होती. पकडलेल्या मालात दरबारातला वजनदार सरदार मुखलिस खान याचाही वाटा होता. त्यामुळे समुद्रावरच्या या लुटीचा जाब सुरतेच्या इंग्रजांना द्यावा लागला.

मी कळंबोलीची. सिडकोने वसवलेल्या इथल्या स्टील मार्केटमध्ये एका वाहतूक कार्यालयात बिल्ट्या, म्हणजे मालवाहतुकीच्या पावत्या, लिहिण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. न्हावा शेवा बंदर जवळ, पुण्याचा द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो, त्यामुळे दिवसरात्र गाड्या. इतिहासाची आवड शाळेपासूनची. पनवेल हे एके काळी खाडीवरचं नांदतं बंदर होतं, हे कळल्यापासून जुन्या सागरी व्यापाराबद्दल मिळेल ते वाचत गेले. त्या वाचनात किडचा खटला हाती लागला आणि मी त्याच्या प्रेमातच पडले. प्रेमात पडल्यावर माणूस तपासत नाही. माझं तसंच झालं.

पहिलं व्याख्यान पनवेल परिसरातल्या एका वाचनालयात दिलं. त्यात मी ठासून सांगितलं की किडने औरंगजेबाचं जहाज लुटलं. बादशहाचं जहाज लुटलं गेलं होतं हे खरं, पण ते 'गंज-ए-सवाई'. ते सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलं. त्यावरून सुरतेतले इंग्रज कैदेत पडले. त्या लुटीचा वृत्तांत इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवला आहे. मी दोन्ही प्रकरणं एकात मिसळली होती. मोठं नाव आलं की श्रोते सरसावून बसतात, आणि मला ते हवं होतं. ही चूक अज्ञानापेक्षा मोहातून झाली.

व्याख्यान संपल्यावर आमच्याच मार्केटमधला एक गाडीमालक उठला. त्याने विचारलं, "ताई, गाडी कुणाची आणि माल कुणाचा, हे वेगवेगळं सांगा की. भाडं कुणी ठरवलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. रोज बिल्टीवर मी हेच तीन रकाने भरत होते. गाडी एकाची, माल दुसऱ्याचा, पोचवायचा तिसऱ्याकडे, आणि चालक चौथाच. तीनशे वर्षांपूर्वीच्या जहाजाला मात्र मी एकच मालक देऊन मोकळी झाले होते.

घरी येऊन पुन्हा वाचायला बसले तेव्हा उलगडत गेलं. जहाज हिंदी मालकाचं. ते भाड्याने घेतलेलं आर्मेनियन व्यापाऱ्यांनी. माल बराचसा त्यांचा, काही मुखलिस खानाचा. कप्तान इंग्रज. पास फ्रेंच, आणि त्यावर जहाजाचं नाव 'कारा मर्चंट'. समुद्रावर कुणाचं निशाण केव्हा गाठेल याचा नेम नसे, म्हणून त्या काळी व्यापारी आपली माणसं आणि कागद असे निरनिराळ्या ठिकाणचे ठेवत. पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाच्या परवान्याची सक्ती केली तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावरचे नाखवे हे शिकले होते. पास म्हणजे वाटेतलं संरक्षण. मालकी त्याने ठरत नाही.

दुसरी चूक याहून गंभीर. ८ आणि ९ मे १७०१ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात किडवर खटला चालला. खटल्याचा वृत्तांत त्याच वर्षी छापला गेला, त्यामुळे तो आजही वाचता येतो. चाचेगिरीच्या आरोपांवर सरकारपक्षाचे साक्षीदार दोनच : जहाजावरचा वैद्य रॉबर्ट ब्रॅडिनहॅम आणि खलाशी जोसेफ पामर. दोघेही किडच्याच टोळीतले, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी माफीचे साक्षीदार झालेले.

त्यांची साक्ष मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती पूर्ण खरी वाटली. कारण तीत आकडे होते. पकडलेल्या आर्मेनियनांनी सुटकेसाठी २०,००० रुपये देऊ केले, किडने ते नाकारले. किनाऱ्यावर विकलेल्या मालाचे दहा-बारा हजार पौंड आले. लुटीचे १६० वाटे पाडले, त्यांतले ४० किडने ठेवले. हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाला आकडा दिसला की खात्री वाटते. पण आकडा लक्षात असणं म्हणजे प्रामाणिक असणं नव्हे, हे मी विसरले. आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यानेही गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीबद्दल सावध केलेलं होतं. त्याचं कलम १३३ म्हणत असे की साथीदार साक्षीदार होऊ शकतो. कलम ११४ चं उदाहरण 'ब' म्हणत असे की महत्त्वाच्या बाबींत दुसरा दुजोरा मिळाल्याशिवाय तो विश्वासाला पात्र नाही, असं न्यायालय मानू शकतं. ही कलमं एकमेकांसोबत वाचायची असत. मी एकही वाचलं नव्हतं.

मग मी उलट्या टोकाला गेले. किडचा सगळा बचाव फ्रेंच पासांवर उभा होता. ते पास त्याने लॉर्ड बेलोमाँट यांच्या स्वाधीन केले होते. हे बेलोमाँट त्याच्या मोहिमेचे भागीदार, आणि त्याला अटक करणारे गव्हर्नरही तेच. पास लंडनला पोचले, पण खटल्याच्या दिवशी किडला मिळाले नाहीत. २३ मे १७०१ रोजी टेम्सकाठच्या एक्झिक्यूशन डॉकवर त्याला फाशी दिली. पहिल्यांदा दोर तुटला, म्हणून पुन्हा चढवलं. आणि दोनशे वर्षांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, राल्फ पेन या अमेरिकन लेखकाला ते पास लंडनच्या सरकारी दफ्तरात सापडले. हे वाचून मी पेटून उठले. दिवाळी अंकात लिहिलं की किड निर्दोष होता, दोन खोटारड्या साक्षीदारांनी त्याचा बळी घेतला, आणि जहाज कायद्यानेच त्याचं झालं होतं.

हा लेख माझ्या लिखाणात सर्वांत जास्त वाचला गेला आणि त्यातच सर्वांत जास्त चुका होत्या. पकडलेलं जहाज पकडणाऱ्याचं आपोआप होत नसे. ते सागरी न्यायालयापुढे न्यावं लागे, कागद दाखवावे लागत, दुसऱ्या बाजूला म्हणणं मांडता येई, आणि मग न्यायालय ते जप्तीस पात्र ठरवी. किडने त्यातलं काही केलं नाही. बराच माल तिथेच मलबार किनाऱ्यावर विकला आणि पैसे वाटून टाकले. न्यायाधीश एडवर्ड वॉर्ड यांनी ज्यूरीला समजावताना हा मुद्दा मांडला होता. मी तो वाचला होता, आणि लेखाच्या ओघाला आडवा येतो म्हणून गाळला होता. पास दडवले गेले हा किडवरचा अन्याय. पण पास सापडल्याने सुरतेच्या व्यापाऱ्यांचा माल फ्रेंच होत नाही. एका माणसावरचा अन्याय सिद्ध झाला की त्याने दुसऱ्यावर केलेला अन्याय पुसला जातो, असं मी धरून चालले होते.

आणि ते साक्षीदार खोटारडे होते का? किडने पामरला विचारलं होतं की फ्रेंच पास तू पाहिले नाहीस का. त्यावर पामरचं म्हणणं असं की पास असल्याचं तुमच्या तोंडून ऐकलं होतं, डोळ्यांनी मात्र पाहिले नाहीत. हे उत्तर शब्दशः खरं असू शकतं. साधा खलाशी कप्तानाच्या दालनातले कागद कशाला पाहील? मी त्याला खोटारडा ठरवलं होतं. लेख छापून आल्यानंतर ते उत्तर पुन्हा वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. कारण असंच उत्तर मी स्वतः दिलं होतं.

ती हकिगत आता सांगते. बंदरातून कॉईल भरून एक ट्रेलर निघाला. त्याची बिल्टी मी लिहिली. माल पाठवणारा म्हणून एका मोठ्या पार्टीचं नाव घातलं, कारण दलालाने फोनवर तेच सांगितलं. बीजक मागून पाठवतो म्हणाला, ते मी पाहिलं नाही. मालाचे पैसे खरं तर एका लहान व्यापाऱ्याने भरले होते. पुढे दोघांनीही मालावर हक्क सांगितला आणि प्रकरण दिवाणी कोर्टात गेलं. माझ्या सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र वकिलांनी तयार केलं, त्यावर मी सही केली. माल त्या मोठ्या पार्टीने पाठवला, असं त्यात होतं. उलटतपासणीत मला विचारलं, बिल्टीवरचं अक्षर तुमचं का? हो म्हटलं. नाव लिहिण्यात तुमची चूक झाली का? नाही म्हटलं. सांगितलेलं नाव मी बिनचूक लिहिलं होतं.

ते नाव मला कुणी आणि कसं सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला आठवत नव्हतं असं नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असताना ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. बीजक न पाहता बिल्टी फाडली हे उघड झालं तर कार्यालयाचं नाव जाईल, साहेब रागावतील, नोकरीवर बेतेल, या भीतीने मी ते गिळलं. विचारलं तेवढंच सांगावं, असं मनाला समजावलं. मी एकही खोटं वाक्य बोलले नाही. तरी माल गेला तो चुकीच्या माणसाकडे. बँकेच्या नोंदी पुढे आल्यावर तडजोड झाली खरी, पण तोवर त्या लहान व्यापाऱ्याला मार्केटमधला गाळा सोडावा लागला होता. नंतर मी त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, हे तेव्हा बोलायला हवं होतं." त्यांचं बरोबर होतं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे सगळं ठाऊक असूनही मी पामरला खोटारडा लिहिलं, कारण स्वतःच्या साक्षीकडे मी त्या नजरेने कधी पाहिलंच नव्हतं. साक्षीदार खोटं न बोलताही सत्य झाकू शकतो. प्रश्न विचारणारा एका हेतूने विचारतो, उत्तर देणारा आपल्या भीतीतून देतो, आणि टिपून घेणारा या दोहोंमधलं तेवढंच टिपतो. म्हणून आता मी साक्ष सबंध खरी किंवा सबंध खोटी अशी तोलत नाही, वाक्यावाक्याने तोलते. जहाज पकडलं आणि त्यावर फ्रेंच पास होता, हे किडने स्वतः जुलै १६९९ मध्ये बोस्टनला दिलेल्या निवेदनात आहे. ते धरायला हरकत नाही. खलाशी जहाज परत द्यायला तयार नव्हते, असं तो म्हणतो. ते त्याच्या सोयीचं आहे, म्हणून दुजोरा मागायला हवा. वैद्याने सांगितलेले वाटे आणि रकमा जपून वापरायच्या, कारण त्याची मान किडच्या दोषी ठरण्यावर सुटणार होती.

शेवटची चूक मला सर्वांत जास्त बोचते. इतकं वाचलं, पण ज्यांचा माल गेला ते काय म्हणाले, हे मी शोधलंच नव्हतं. त्या आर्मेनियन व्यापाऱ्यांपैकी कोजी बाबा हा दाद मागत थेट लंडनपर्यंत गेला. आपल्या आणि इतर आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या वतीने, इराणच्या शहाचे प्रजाजन म्हणून, त्याने इंग्लंडच्या संसदेपुढे अर्ज केला. आम्ही सुरतेला जहाज भाड्याने ठरवलं, बंगालला जाऊन माल भरला, परतताना किडने लुटलं, आमची भरपाई व्हावी, असा त्याचा आशय. एवढा समुद्र ओलांडून आलेला हा माणूस माझ्या व्याख्यानात फक्त खंडणी देऊ करणारा कैदी म्हणून आला होता. वादी म्हणून तो मला दिसला नाही, कारण चाच्याच्या गोष्टीत सगळा उजेड चाच्यावर पडतो. जहाजावरच्या आपल्या खलाशांना तर सरकारपक्षाने साक्षीला उभंही केलं नाही. किडची जप्त मालमत्ता पुढे सरकारजमा झाली, आणि तिचे ६,४७१ पौंड १७०५ मध्ये ग्रीनविचच्या खलाशांच्या आश्रयगृहाला देण्यात आले. इंग्लंडच्या म्हाताऱ्या खलाशांची सोय झाली हे चांगलंच. पण मालकीचा खटला म्हणून हे प्रकरण वाचलं तर मालकांना न्याय मिळाल्याचा शेवट त्यात नाही, आणि माझ्या लेखात तर मालकच नव्हते.

किडने कॅरिबियनपर्यंत नेलेल्या या जहाजाचे अवशेष २००७ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या कातालिना बेटाजवळ, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, उथळ पाण्यात सापडले. इंडियाना विद्यापीठाच्या पथकाने त्यांचा अभ्यास केला. बातमी आली तेव्हा सगळीकडे मथळा एकच : कॅप्टन किडचं जहाज सापडलं. माझ्याही तोंडून तेच निघालं असतं. आता मी ते नाव वापरत नाही. किडने ते पकडलं. ते त्याचं कधीच नव्हतं.

मी त्या दिवाळी अंकाच्या संपादकांना दुरुस्ती पाठवली आहे, आणि ज्या वाचनालयात पहिलं व्याख्यान दिलं तिथे पुन्हा बोलायची परवानगी मागितली आहे. बोलणार आहे ते कोजी बाबावर.

स्थानिक इतिहास लिहिणाऱ्या, गडकोटांवर आणि बंदरांवर व्याख्यानं देणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. खटल्याचा कागद हाती आला तर साक्षीदाराला काय विचारलं गेलं आणि काय विचारलं गेलं नाही, हे आधी मांडा. कुणाला बोलावलंच नाही, त्यांची नावं काढा. आपल्या गोष्टीला आडवं येणारं वाक्य गाळावंसं वाटलं, तर तेच सर्वांत आधी लिहा.

आणि ज्यांच्यावर कधी साक्ष द्यायची वेळ येईल, त्या सर्वांना सांगते, विशेषतः आमच्यासारख्या कार्यालयांत दुसऱ्याच्या सांगण्यावरून कागद लिहिणाऱ्यांना. प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी ते शब्दन् शब्द वाचून घ्या. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं वेगवेगळं लिहायला लावा. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट कुणी विचारली नाही, तर न्यायाधीशांची परवानगी मागून ती सांगा. नोकरीची भीती खरी असते, हे मला माहीत आहे. पण आपल्या गप्प बसण्याची किंमत जो माणूस भरतो, तो त्या वेळी कोर्टात आपल्या समोरच बसलेला असतो.